डबीला सगळं ऐकू येतं

मैना बोरस्तेचं दुखणं खरं की सोंग, यावरून जुन्या नाशकातल्या त्यांच्या गल्लीत दोन तट पडले होते. गंमत अशी, की हे दोन्ही तट मैनानेच आपल्या हाताने उभे केले होते.

दुखणं म्हटलं तर एका वाक्यात सांगण्यासारखं. चांगल्या चालत्याबोलत्या बाईच्या छातीत अचानक धडधड सुटायची. साधीसुधी नाही, आत कबुतर कोंडल्यासारखी. हातपाय गार पडायचे, कपाळावर घाम यायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. कधी भाकरी थापताना, कधी नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीत गिऱ्हाइकाचं दळण वजन करून घेताना, तर कधी काहीच न करता नुसतं बसलेलं असताना. आणि आलं तसं निघूनही जायचं. रिक्षा करून दवाखान्यात पोचावं, छातीला चिमटे लावून कागद काढावा, तर कागदावरची रेघ अशी शिस्तीत की बघत राहावं. डॉक्टर म्हणायचे, "सगळं नॉर्मल आहे मावशी." या 'नॉर्मल' शब्दाचा मैनाला इतका राग यायचा, की तेवढा तिला नणंदेचाही येत नसे. आणि नणंदेचा राग ही या घरातली छोटी गोष्ट नव्हती.

घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. नवरा धनराज गिरणीवाला. मूळचा नांदगावकडचा, पण उभा जन्म नाशकात पीठ दळण्यात गेलेला. त्याचं म्हणणं एकच, "ग्यास हाय. बाकी काय नाय." ओवा, हिंग आणि काळं मीठ यांची एक बाटली त्याने गिरणीच्या फळीवर कायमची ठेवली होती. मुलगा शेखर अंबडच्या कारखान्यात, तो म्हणायचा आई मोबाईल फार बघते. मालेगावची नणंद आशा म्हणायची, नजर लागली. कुणाची ते मात्र सांगायची नाही, नुसती समोरच्या घराकडे बघायची.

आता मैना काही गरीब गाय नव्हती, हेही सांगायला हवं. दुखणं आपल्याला फुकट त्रास देतंय, तर त्याने थोडं काम करायला काय हरकत आहे, असा तिने विचार केला. समोरच्या बाई नव्याने पेटी वाजवायला शिकल्या आणि रोज संध्याकाळी एकेकीला ऐकायला बसवू लागल्या, तेव्हा मैनाने छातीला हात लावला. गल्लीच्या गणपतीच्या जेवणावळीत भांडी घासायचं काम वाट्याला आलं, तेव्हा लावला. आणि आशा दोन दिवसांसाठी म्हणून मालेगावहून आली ती मुक्काम हलवायचं नावच घेईना, तेव्हा तर मैनाने असा काही हात लावला, की धनराजने स्वतः बहिणीच्या पिशव्या उचलून तिला गाडीत बसवून दिलं. आशा काही कच्ची नव्हती. मालेगावला पोचल्याबरोबर तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, "वहिनीचं काळीज माझ्या पिशव्या बघून धडधडतं."

हे वाक्य गल्लीत यायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात एकदा गिरणीत गर्दी असताना मैनाला खरंच झालं. तिने वजनकाट्याचा खांब धरला, दुसरा हात छातीवर नेला. रांगेत सहादूभाऊ दूधवाला उभा होता. तो म्हणाला, "काय वहिनी, आज कोण पाहुणं येणारे?" सगळी रांग हसली. आणि मैना अशी बाई, की आलेला विनोद तिला सोडवत नाही, तीही हसली. हसता हसता कानशिलावरून गार घाम ओघळत होता. तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. उद्या इथेच कोसळले तर हे लोक टाळ्या वाजवतील, म्हणतील, काकूंनी आज काय झकास केलं.

त्यापेक्षा वाईट पुढे झालं. तिचा तिलाच भरवसा वाटेना. धडधड सुटली की ती स्वतःला विचारायची, मैने, खरं सांग, हे येतंय की तू आणतेयस? सोंग करून करून सवय तर नाही लागली? डॉक्टर म्हणतात काही नाही, नवरा म्हणतो ग्यास, लोक हसतात. एवढी सगळी माणसं चुकतील आणि मी एकटी बरोबर? गल्लीने खोटं म्हटलं तर तिला चाललं असतं. पण आपल्याच छातीने आपल्याला खोटं पाडलं तर जायचं कुठे? एकदा, फक्त एकदा ते कागदावर दिसायला हवं होतं.

सून उज्वला बँकेत कामाला, डोक्याने शांत. तिने हृदयाच्या डॉक्टरांना गाठून विचारलं, तर ते म्हणाले, येऊन जाणारं दुखणं पकडायचं असेल तर एक यंत्र असतं. दिवसभर, रात्रभर अंगावर ठेवायचं. हृदयाचा एकही ठोका त्यातून सुटत नाही. पण यंत्रं मोजकी आणि पेशंट भरपूर. जवळची एकच तारीख मोकळी होती, रंगपंचमीची.

ती का मोकळी होती हे बाहेरगावच्या माणसाला कळायचं नाही. यंत्राला पाण्याचा थेंब लागता कामा नये, अशी अट होती, आणि नाशकात रंगपंचमीला कोरडं राहीन असं वचन शहाणा माणूस देत नाही. धुळवड इथे नावापुरती. खरा रंग पंचमीला. जुन्या नाशकात रस्त्याखाली दगडी हौद आहेत, त्यांना रहाडी म्हणतात. वर्षभर बुजवून ठेवलेल्या, वरून रिक्षा-मोटारी जातात, खाली काय आहे याचा पत्ता नसतो. पंचमीच्या आधी त्या उघडायच्या, पाण्याने भरायच्या, कढईत फुलं उकळून केलेला रंग त्यात ओतायचा, पूजा करायची आणि मग काठावरून धपाधप उड्या. जो जाईल तो रंगणार, आणि जो जाणार नाही त्याला उचलून नेणार. नाशकात आल्यापासून धनराजने एकही पंचमी चुकवली नव्हती. त्याच्या मते वर्षभराचं पीठ त्या दिवशी निघतं.

"घेऊ तारीख?" उज्वलाने विचारलं.

"घे," मैना म्हणाली. "मला कोण उचलतंय? मी आजारी आहे ना."

पंचमीच्या सकाळी दवाखान्यातल्या मुलीने मैनाच्या छातीवर गोल चिकट्या लावल्या, त्यांना वायरी जोडल्या आणि वायरींचं दुसरं टोक एका छोट्या डबीत घालून डबी गळ्यात अडकवली. डबीवर हिरवा दिवा लुकलुकत होता आणि बाजूला एक बटण होतं. त्रास झाला की बटण दाबायचं, बाकी रोजच्यासारखं राहायचं, उद्या येऊन डबी परत द्यायची. एवढं सांगून ती पुढच्या पेशंटकडे गेली.

धनराज हे सगळं बारकाईने बघत होता. गल्लीच्या सप्ताहात कीर्तनकारबुवांना माईक लावायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे. बुवांच्या कमरेला डबी, डबीतून निघालेली वायर छातीपर्यंत, डबीवर हिरवा दिवा. त्याला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. तो दबकत पुढे झाला, मैनाच्या गळ्यातल्या डबीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि वाकून हळूच म्हणाला, "हॅलो. हॅलो."

"काका, हात नका लावू!" लांबून ती मुलगी ओरडली.

धनराज चटकन मागे सरला आणि त्याने मैनाकडे अशा नजरेने पाहिलं की बघ, ऐकू गेलं त्यांना. उज्वलाने ओढणी तोंडावर धरली. मैनाच्या ओठांवर आलं होतं, की अहो, हा माईक नाही. पण तिने ते गिळलं. देवाने दिलेली अशी वस्तू परत करायची नसते.

घरी येईपर्यंत धनराज पार बदलला होता. एरवी त्याची हाक म्हणजे "ए". लग्नाला इतकी वर्षं झाली, "ए" ची "अगं" झाली नव्हती. आज रिक्षातून उतरताना तो म्हणाला, "जपून हां मैना. पायरी हाय." मैनाने वळून मागे पाहिलं, दुसरी कुणी मैना आहे की काय.

"चहा ठेवू का तुझ्यासाठी?" घरात शिरल्यावर त्याने विचारलं. आवाज थोडा मोठा, शब्द सुटेसुटे, तोंड डबीकडे.

"ठेवा की. आलं टाकून."

त्याने चहा ठेवला. साखर कमी झाली म्हणून मैनाने परत पाठवला. तो हूं की चूं न करता परत गेला. मग मैनाला हुरूप आला.

"अहो, तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात, येवल्याला जाऊन पैठणी घेऊ. विसरलात?"

धनराज असं काही म्हणाला नव्हता. त्याने डबीकडे पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकला.

"विसरंन कसा? घेऊ की," तो डबीला म्हणाला. "मी बायकोला कवा नाय म्हणलोय?"

उज्वला स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून हसत राहिली.

पण मैनाचं खरं लक्ष चहात नव्हतं, पैठणीत तर नव्हतंच. सारखी ती आत कान लावून बसली होती. ये बाई, आज ये. रोज नको तेव्हा येतेस, आज तुझ्यासाठी पाट मांडलाय, आणि आजच कशी येत नाहीस? छातीत सगळं शांत. ठक ठक ठक, धनराजची गिरणीसुद्धा इतकी नेमाने चालत नाही.

मग तिने उपाय सुरू केले. शेखरला पाठवून कोपऱ्यावरची मिसळ आणवली आणि वर तर्रीचा वेगळा डबा. उज्वला नको नको म्हणत असताना तिने तो रस्सा पावाने पुसून खाल्ला. नाक वाहिलं, डोळे वाहिले, टाळू पेटली. छाती थंड. मग ती गच्चीवर चढून गेली आणि तशीच भराभरा उतरली. गुडघे बोलायला लागले, हृदय बोललं नाही. शेवटी तिने हुकमी अस्त्र काढलं. आपण होऊन आशाला फोन लावला.

"काय वन्स, कशा आहात? या ना राहायला."

आशा म्हणाली, "वहिनी, तब्येत बरीये ना?"

"तेच बघतेय," मैना म्हणाली. आशाने मग पिशव्यांपासून सुरुवात करून आईच्या बोरमाळेपर्यंत सगळं काढलं. मैना डोळे मिटून ऐकत राहिली. एरवी या बोरमाळेच्या उल्लेखाला तिची कवटी सरकायची. आज हृदयाने मुंगीएवढी हालचाल केली नाही.

दुपारी जेवणं झाली आणि बाहेर ढोल सुरू झाले. रहाडीची पूजा झाली होती. दरवर्षी धनराज एव्हाना जुना सदरा घालून पसार व्हायचा. आज तो ओट्यावर खुर्ची टाकून, उघडी छत्री धरून बसला होता. ऊन होतं म्हणून नाही. पोरं पिचकाऱ्या घेऊन फिरत होती, एखादी धार दारातून आत गेली तर डबी भिजेल म्हणून. कुणी दाराकडे आलं की हा छत्री ढालीसारखी पुढे करायचा.

"तुम्ही जा ना," मैनाने आतून सांगितलं. "मी काय पळून जातेय?"

"नाय नाय. पंचमी काय, दरवर्षी येती."

मैनाला हे डबीसाठी होतं की तिच्यासाठी ते कळलं नाही. पण विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात सहादूभाऊ आपली सगळी टोळी घेऊन आला. नखशिखांत पिवळेधमक. धनराजने छत्री पुढे केली, तिचा काही उपयोग झाला नाही. चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं, वाटेत खुर्ची तेवढी खाली ठेवली. "मैना, दार लाव! कडी लाव!" एवढं ओरडणं तिला ऐकू आलं. मग गल्लीच्या टोकाकडून मोठा धप्पा झाल्याचा आवाज आला आणि लोकांनी आरोळी ठोकली.

मैनाने कडी लावली. घरात एकदम सुनं सुनं झालं. शेखर-उज्वला वर आपल्या खोलीत होती. ती देवापुढे जाऊन उभी राहिली आणि तिथे मात्र तिला रडू आलं. देवाकडे आजवर माणसं बरं कर म्हणून आली असतील. ही बाई म्हणत होती, देवा, मला एकदा आजारी पाड. उद्या ती मुलगी कागद बघून 'नॉर्मल' म्हणेल आणि मी जन्माची सोंगाडी ठरेन. मग मला खरंच झालं तरी मीच हाक मारणार नाही.

उज्वला पाणी प्यायला खाली आली, सासूचे डोळे बघून घाबरली. "आई, आलं का? बटण दाबलंत?"

"नाही गं. येतच नाहीये."

"मग चांगलंच आहे की," उज्वला म्हणाली. पोरगी मनाने चांगली, मनापासून बोलली. मैनाने मान हलवली आणि मधल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आता कुणी 'आलं का' विचारू नये म्हणून तिने डोळेही मिटून घेतले.

थोड्या वेळाने उज्वलाने दार उघडल्याचं तिला कळलं. मग मोरीत बरंच पाणी सांडल्याचं, टॉवेल झटकल्याचं. धनराज परत आला होता. तो दबक्या पावलांनी खोलीत आला, आणि रहाडीच्या रंगाचा वास त्याच्याबरोबर आला, उकळलेल्या फुलांचा, ओल्या मातीचा. तो दोन-तीन धुण्यांत जात नाही. त्याने "मैना" म्हणून हाक मारली. ती गप्प राहिली. सोंग करण्यात ती कुणाच्या बापाला ऐकत नसे. त्याने पुन्हा हाक मारली, मग वाकून तिचा श्वास ऐकला, आणि झोपली आहे अशी खात्री झाल्यावर खाटेजवळ जमिनीवर बसला. अगदी डबीपाशी. हात टॉवेलला पुन्हा पुन्हा पुसले आणि डबी दोन बोटांत हळूच धरली.

"हॅलो," तो कुजबुजला. "डॉक्टरसाहेब, धनराज बोलतोय. गिरणीवाला. पेशंटचा मालक."

मैनाला हसू आवरेना. तिने जीभ दाताखाली धरली.

"ती झोपलीये तवर बोलून घेतो. तुम्हाला ती काय सांगती ते खरं हाय साहेब. लोक हसतात तिला. ती सोंग बी करती, नाय म्हणत नाय. माझ्या बहिणीच्या टायमाला सोंगच होतं, मला ठाऊक होतं. पण बहीण मला बी जरा जास्तच झाली होती."

बाहेर ढोल वाजत होता, तो दूर जाईपर्यंत त्याने डबीवर तळहात धरला.

"पण मी खरं बी पाहिलंय. गिरणीच्या मागं पोती असतात, तिथं ती एकदा उभी होती. पोत्याला धरून. व्हट पांढरे फट. तिला वाटलं कोणी बघत नाय. मी दारात होतो साहेब. आत जायला पायच उचलंना. मग ती बाहेर आली, तोंड पुसून गिऱ्हाइकाशी हसून बोलली, आन् मी म्हणलं, ग्यास झाला असंल, ओवा खा."

मैनाचं हसू केव्हाच विरलं होतं.

"माझ्या आईला असंच व्हायचं. नांदगावला. ती छाती धरून बसायची आन् आम्ही म्हणायचो, म्हातारीला काम नको. एका दिवशी बसली ती उठलीच नाय. तवापासून काळजाच्या दुखण्याचं नाव तोंडातून काढायची मला भीती वाटती. ग्यास म्हणलं की ग्यासच राहातो, असं वाटतं बघा. येडेपणा हाय, कळतं मला. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही तिला नीट बघा. काय सापडलं नाय तरी हाकलून देऊ नका. हिच्याबिगर गिरणी चालंल साहेब. मी नाय चालायचा."

आणि मैनाच्या छातीत ते सुटलं.

आधी एक ठोका चुकला, मग दोन एकदम आले, मग ताल नाही, सूर नाही, नुसती फडफड. हातपाय गार पडू लागले. आलं! सबंध दिवस जिची वाट पाहिली ती पाहुणी आली, आणि कधी आली, तर नवरा डबी हातात घेऊन बसलेला असताना. बटण दाबायला हवं होतं. बटण त्याच्या अंगठ्याखाली होतं. हात हलवला असता तर त्याला कळलं असतं की ती जागी आहे, आणि मग तो माणूस पुन्हा जन्मात असं बोलला नसता. मैनाने बटण दाबलं नाही. ती डोळे मिटून पडून राहिली. डोळ्यांतलं पाणी उशीवर उतरत होतं आणि आत सगळा गोंधळ उडाला होता, पण आज पहिल्यांदा त्या गोंधळात ती एकटी नव्हती. एवढी धडधड, आणि भीती मात्र कमी. असं तिला आजवर कधी झालं नव्हतं.

"बरं साहेब, ठेवतो," धनराज म्हणाला आणि त्याने डबी जपून पांघरुणावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या मुलीने डबी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा होता. "मावशी, रंग खेळलात?"

"छे गं. हळद आहे. नवी वस्तू घरात आली की आम्ही हळद लावतो."

धनराज छताकडे बघत होता.

दुपारी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. पडद्यावर मैनाचा आख्खा दिवस पसरलेला होता. सगळा सरळ, गच्चीचा जिनासुद्धा सरळ, बोरमाळसुद्धा. आणि संध्याकाळच्या आधी एका ठिकाणी रेघेने ताळतंत्र सोडलेलं, कुणी पेन हातात घेऊन झटकावं तसं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले. "सापडलं. हृदयाचा ताल मधेच बिघडतोय. हे मनाचे खेळ नाहीत, पित्त नाही, गॅस नाही. पण मावशी, इतका त्रास झाला आणि तुम्ही बटण नाही दाबलंत? काय करत होतात?"

"झोपले होते," मैना म्हणाली.

"झोपेत?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्या सुरू करायच्या, एक ताल सांभाळायला, एक रक्त पातळ ठेवायला. घाबरायचं नाही आणि अंगावरही काढायचं नाही. पूर्ण थांबेल असं वचन देता येणार नाही. कधी येईल, किती वेळ राहील, ते आधी सांगता येणार नाही. त्याच्यासोबत राहायला शिकायचं.

मैनाला पुढचं काही नीट ऐकूच आलं नाही. 'गॅस नाही' या शब्दांवर ती अडकली होती. दवाखान्याच्या पायऱ्या ती नव्या नवरीसारखी उतरली. रिक्षात बसायच्या आधी तिने मिठाईच्या दुकानातून पेढे घेतले. धनराज हतबुद्ध होऊन बघत होता.

"पेढे कशाचे?"

"मी आजारी आहे, त्याचे."

गल्लीत तिने घरोघर पेढे वाटले. समोरच्या बाईंना दोन दिले आणि पेटी आता सावकाश वाजवा असंही सांगितलं. आशाला फोन करून म्हणाली, "वन्स, डॉक्टर म्हणाले तुमच्या पिशव्यांचा काही संबंध नाही." सहादूभाऊने पेढा तोंडात टाकल्यावर तिने त्याला कागद दाखवला. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण ती वेडीवाकडी रेघ बघून त्याचा पेढा घशातच राहिला. "वहिनी, मी त्या दिवशी..." तो म्हणाला. "अरे, गिळ आधी," मैना म्हणाली.

धनराज मात्र दोन दिवस विचारू की नको करत राहिला. शेवटी गिरणी बंद करताना तो पाठमोरा राहून म्हणाला, "मैना, त्या डबीत डॉक्टरला बाकी काय काय ऐकू आलं असंल?"

मैनाने पिठाचा डबा बंद केला. "आलं असेल सगळं. पण डॉक्टर लोक पेशंटचं बाहेर कुणाला सांगत नसतात. मलासुद्धा नाही."

"हां. तसा कायदाच असंल," धनराज म्हणाला आणि त्याने लांब श्वास सोडला. "मैना" वरून तो पुन्हा "ए" वर आला नाही, हे त्याचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मैनानेही ते लक्षात आणून दिलं नाही.

गोळ्यांनी बरं वाटलं. दिवसामागून दिवस चांगले गेले आणि मैना पुन्हा पदर खोचून कामाला लागली. मग चैत्रात एका सकाळी, गिरणीत वाळवणाच्या दळणांची झुंबड उडालेली असताना, ते आलं. डब्यांची रांग दाराबाहेर गेली होती, आणि धनराज गहू ओतत होता. मैनाने वजनकाटा धरला. रांगेतले चेहरे तिच्याकडे वळले. एखादा विनोद करून वेळ मारून नेणं तिला अगदी सोपं होतं, जिभेवर आलाही होता.

"अहो," ती म्हणाली, "आलंय."

चक्कीच्या तोंडात दाणे असताना पट्टा थांबवायचा नसतो. दाणे चक्कीच्या दगडांत अडकतात, पुन्हा सुरू करताना मोटरवर ताण येतो, अर्धं दळण भरड निघतं. सगळ्या गिरणीवाल्यांना हे ठाऊक असतं आणि धनराज याबाबतीत फार कडक. वीज तोडायला लाइनमन दारात उभा राहिला तरी तो हातातलं दळण संपवून मगच बटणाला हात लावायचा. त्या सकाळी त्याने हातातला डबा तसाच खाली ठेवला आणि बटण बंद केलं. घरघर थांबली. त्या गिरणीत भर दिवसा इतकी शांतता लोकांनी कधी ऐकली नव्हती.

तो येऊन तिच्याशेजारी गव्हाच्या पोत्यावर बसला. ओवा काढला नाही. गॅसचं नाव काढलं नाही. पिठाने पांढरा झालेला हात त्याने सगळ्यांच्या देखत तिच्या हातावर ठेवला. "घाबरू नको," तो म्हणाला. "मी हाय."

रांगेतून एक बाई म्हणाली, "दादा, दळण कधी व्हायचं?"

"थांबा जरा," धनराज म्हणाला. कुणी हसलं नाही. सहादूभाऊ मुकाट्याने आपला डबा उचलून दारातून बाजूला झाला, तिला वारा लागावा म्हणून.

असा बराच वेळ गेला. पंखा फिरत होता, हवेतलं पीठ हळूहळू खाली बसत होतं.

"गेलं का?" धनराजने विचारलं.

मैनाची छाती मघाच शांत झाली होती. दारात डबे वाढत होते, अर्धवट दळलेले गहू चक्कीत अडकून पडले होते.

"नाही अजून," ती म्हणाली.

धनराजने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईचं सोंग ओळखायला तो चुकला नव्हता.

"बरं," तो म्हणाला आणि तसाच बसून राहिला.